आत्यासाहेबांचं बिनचहाचं व्रत

…आणि वर म्हणायचं काय, तर "हिला हवासुद्धा अंगी लागते!" आता हवा काय साजूक तुपात तळलेली असते का हो? देवासची हवा ती, अर्धी कारखान्यांची, अर्धी टेकरीवरच्या देवीच्या धुपाची, ती लागून कुणी फुगलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि मी काय आज आलेय इथे? शिवाजीरावांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यांच्या घरात मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो, म्हणून तुम्हाला सांगते, त्यांच्या अपेक्षाइतकं कमी खाणारी पोर अख्ख्या गल्लीत सापडायची नाही!

ही अपेक्षा म्हणजे शिवाजीरावांची थोरली. पंचविशीची, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी कशी होती माहितीये? स्कूटीवर बसली की नुसती स्कूटीच दिसायची. आणि मग काय झालं कोण जाणे… खाणं तेच, शाळेचे जिने तेच, आणि पोरगी वाढायलाच लागली! कुर्ते शिंप्याकडे गेले, उसवून आले, परत गेले, शेवटी शिंपीच म्हणाला, "दीदी, अब अंदर कपड़ा नहीं बचा." डोक्यावरचे केस न्हाणीत पुंजक्यानं गळतात आणि तोंड मात्र सकाळी उठावं तर सुजलेलं. पाळी एकदा गेली की दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. झोप तर अशी, की रिक्षात बसल्या बसल्या मान टाकते आणि रिक्षावाला शाळा आली म्हणून हॉर्न वाजवतो. दुपारी घरी आली की पायऱ्या चढताना भिंतीला हात लावते, म्हाताऱ्यासारखी. पंचविशीत!

आणि सल्ले? अरे देवा, सल्ले! दूधवाला सांगतो गरम पाणी पी, भाजीवाली सांगते कारल्याचा रस पी, मुख्याध्यापक सांगतात की मुलांपुढे आदर्श ठेवायला हवा, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. रोज पहाटे टेकरी चढ, रात्री जेवू नको, दुपारी जेवू नको, भात बघू नको. आणि कहर म्हणजे पोह्यांवरची शेव काढून घेतली हो तिच्या! देवासात! इथे मयताला जाऊन आलेल्या माणसालासुद्धा पोह्यांवर शेव घालून देतात, आणि या पोरीपुढे कोरडे पोहे! तिनं तेही खाल्ले. टेकरीही चढली. वजन उतरलं का? छे! उलट वाढलं. आता सांगा, पोरीनं करावं तरी काय?

पण हे सगळे परवडले, एक आत्यासाहेब नको! आत्यासाहेब म्हणजे भवानीबाई, शिवाजीरावांच्या थोरल्या बहीण, दिल्या धारला. माणूस मोठं, आवाज मोठा, कुंकू मोठं. जुनं सरदार घराणं हे, आता सरदारकी कसली, शिवाजीराव बँकेतून रिटायर झालेत, पण आत्यासाहेबांपुढे ते अजून गादीवर बसल्यासारखे बसतात, म्हणजे हलत नाहीत. या बाई महिन्याला धारहून इंदूरमार्गे बस बदलून येणार, दारात चपला काढायच्या आधी अपेक्षाकडे वरपासून खालपर्यंत बघणार आणि म्हणणार, "अगंबाई, अजून?" अजून म्हणजे काय? पोर काय पावसाळा आहे, थांबायला?

आणि जेवायला बसल्या की नजर तिच्या ताटात. स्वतः तीन पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी पालथी, आणि तोंडानं चालूच, की आमच्या घराण्यात बायकांची हाडं मोठी असतात, हिचं ते हाड नव्हे, ही चरबी, माझ्या दुप्पट झालीये पोर, खाल्ल्यावाचून का कुणी वाढतं? वासंती, म्हणजे अपेक्षाची आई, बिचारी म्हणते, आत्यासाहेब, ती दोनच फुलके खाते. तर म्हणतात, "तुझ्यासमोर दोन खाते." संपलं! पोर चोर ठरली! अपेक्षा ताटावरून उठली, खोलीत गेली आणि उशी घेऊन तिला अशा बुक्क्या मारल्या, अशा बुक्क्या मारल्या, की भिंतीपलीकडे मला वाटलं हे लोक आता गादी पिंजायला बसले की काय!

तेव्हापासून पोरीनं मनात धरलं. काय धरलं? बदला! बाकी काही नको होतं तिला. बारीक व्हायचंय, लग्न व्हायचंय, हे सगळं नंतर. आधी या बाईच्या तोंडून, चारचौघांत, एक वाक्य यायला हवं, की पोरीची चूक नाही. बस्स. ते ऐकल्याशिवाय मरायचंसुद्धा नाही असं तिनं ठरवलं.

मग घरचे सगळे गेले इंदूरला, डॉक्टरणीकडे. आत्यासाहेब बरोबर, कारण त्या घरात कुणी लस टोचून घ्यायला गेलं तरी आत्यासाहेब बरोबर. डॉक्टरीण शहाणी हो! तिनं रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला, आणि समजावून सांगितलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद पडलीये, म्हणून वजन, म्हणून झोप, म्हणून केस, म्हणून पाळी. हिच्या खाण्याचा दोष नाही, आणि हे पुष्कळदा रक्तातूनच येतं, आईकडून नाहीतर वडिलांकडून, घरात अजून कुणाला आहे का? वासंतीनं शिवाजीरावांकडे बघितलं, शिवाजीरावांनी पंख्याकडे बघितलं, आणि दोघांच्या मधून आत्यासाहेबांनी सांगून टाकलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." आणि मग हळूच, पण अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल इतकं हळूच, की वासंतीच्या माहेरचं असेल, हाटपिपल्याच्या माणसांचं आपल्याला काय ठाऊक!

हाटपिपल्याची माणसं पाहिलीयेत तुम्ही? वासंतीचे भाऊ आले ना, की मी दाराआडून विचारते, कोण, उदबत्त्या का? त्यांचं नाव! वासंती परतीच्या वाटेवर गाडीत तोंड फिरवून बसली, आणि अपेक्षानं आईचा हात धरला तो देवास येईपर्यंत सोडला नाही. आधी एक हिशेब होता, आता दोन झाले.

बरं, गोळी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. ही तासभर चहा नाही वाली गोष्ट जरा लक्षात ठेवा. पोरीनं मन लावून सुरू केलं. आणि इकडे धारहून फोन. आत्यासाहेब म्हणाल्या, मी देवीला बोलले. काय बोललात? तर, नवरात्रातल्या अष्टमीला धारच्या देवीपुढे अपेक्षाची गूळतुला करायची!

गूळतुला माहितीये ना? एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ, तोलला जाईल तेवढा गूळ देवीपुढे ठेवून सगळ्यांना वाटायचा. दुखण्यातून उठलेल्या लेकराची करतात, नवस फेडायला. इथे कोण दुखण्यातून उठलंय? आत्यासाहेबांचं म्हणणं असं, की ही गोळ्याबिळ्या सगळी थेरं आहेत, पोर एकदा भर देवळात, सगळ्या नातेवाइकांसमोर पारड्यात बसली, ढेपांवर ढेपा चढायला लागल्या, की लाजेनं आपोआप तोंडाला कुलूप लागेल. ऐकलंत? दवा नाही, दुआ नाही, लाज! अपेक्षाला राग आला की ती हिंदीत जाते. म्हणाली, "पापा, मैं कोई सोयाबीन की बोरी हूँ क्या?" शिवाजीरावांनी परत पंख्याकडे बघितलं. म्हणाले, देवीला बोललंय बेटा, मोडायचं कसं? आता सांगा, पोरीनं करावं तरी काय? बाप पंख्याशी बोलतो, आत्या देवीशी बोलते, हिच्याशी कुणी बोलतच नाही!

तिनं मग मनातल्या मनात आत्यासाहेबांचे काय काय हाल केले, ते मला सांगितलंय तिनं, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. कुंकवाच्या करंड्यात तिखट भरू का? पुरणात एरंडेल घालू का? मी म्हटलं घाल, मी आणून देते. पण नाही, पोरगी गणिताची. म्हणाली, काकू, असा काही तरी बदला हवा की बरोबरीचा वाटला पाहिजे.

तर सप्तमीला सगळे धारला. मीसुद्धा गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी शेजाऱ्यांनी उभं राहायला नको का? आणि आत्यासाहेबांच्या घरी मुक्काम म्हणजे त्यांचं ते व्रत आलं. व्रत ठाऊक नाही तुम्हाला? अख्ख्या धारला ठाऊक आहे! बिनचहाचं व्रत! बाई सकाळी उठणार, तोंड धुणार, देवघरात जाणार, दार लोटून घेणार, बाहेर येणार, आणि पुढे एक तास चहा नाही. स्वतः प्यायचा नाही आणि घरात चहाचं आधणसुद्धा ठेवू द्यायचं नाही. त्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्मापासून चाललंय. घरातल्या दोन्ही सुना पाळतात, त्यांना पाळावंच लागतं. थोरली वैभवी नवी नवरी आली ना, तेव्हा तिला पहिले सहा महिने रोज सकाळी डोकं धरून बसलेली पाहिलीये लोकांनी. शेजारपाजारच्या बायकांनीसुद्धा धरलंय हो व्रत, कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी सुनेच्या दिवसांसाठी. फळलंय म्हणतात एकीला.

अष्टमीची सकाळ. अपेक्षा गोळी घ्यायची म्हणून पाणी आणायला स्वैपाकघरात गेली, आणि देवघर त्याला लागूनच. दार नीट लागलं नव्हतं. आत आत्यासाहेब पाटावर. त्यांनी चांदीचा करंडा उघडला. आता कुंकू लावतील म्हणून ही बघतेय, तर त्यातून निघाली गोळ्यांची पट्टी, आणि पट्टीतून पांढरी गोळी! ती जिभेवर ठेवली, तीर्थाच्या पळीनं पाणी घातलं, गिळली, देवीला नमस्कार केला, आणि पट्टी देवीच्या आसनाखाली सरकवली. तीच पट्टी! तेच नाव, तोच निळा रंग, जी हिच्या पर्समध्ये होती.

उपाशी पोटी. तासभर चहा नाही.

तुम्हाला सांगते, दुसरी कुणी असती तर तिथेच किंचाळली असती. माझ्यासारखी असती तर करंडा घेऊन अंगणात पळाली असती! पण ही पोर गेली, स्वतःची गोळी घेतली, आणि त्या दोन सुनांच्या रांगेत बिनचहाची जाऊन बसली, आणि आत्यासाहेब बाहेर आल्या तसं इतकं गोड हसली, इतकं गोड, की मला वाटलं हिला ताप आला.

देवळात ही गर्दी! धारची सगळी, देवासची सगळी, हळदीकुंकवाला येतात तशी नटूनथटून, एका पोरीचं वजन बघायला! मंडीतून मोठा काटा आणलेला, त्याबरोबर तोलणारा तुलावटी भगवंत, गुळाच्या ढेपांची रास, गुरुजी घाईत, कारण त्यांना पुढे दोन घरी होम. आत्यासाहेब महेश्वरी नेसून उभ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चालूच, "माझ्या दुप्पट आहे हो पोर, दुप्पट! माझी साठी उलटली, तरी माझं बघा." अपेक्षा गुपचूप पारड्यात जाऊन बसली. भगवंतानं पहिली ढेप उचलली. तशी हिनं हात जोडले.

हिंदीत नाही हो. शुद्ध मराठीत, देवीपुढे म्हणतात तसल्या. "आत्यासाहेब, गूळ नंतर घाला. तुम्ही म्हणता मी तुमच्या दुप्पट आहे. देवीपुढचं बोलणं आहे, खरं ठरू दे. समोर तुम्ही बसा."

आत्यासाहेब आधी हसल्या, मग म्हणाल्या गुडघा दुखतो, मग म्हणाल्या असं शास्त्रात नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, शास्त्राची हरकत नाही, बसा लवकर. आणि धारच्या बायका? अहो, त्या तर वाटच बघत होत्या इतकी वर्षं! बसा ना आत्यासाहेब, बसा ना आत्यासाहेब, दोघींनी हात धरले, एकीनं पदर सावरला, आणि बसवलंच! स्वतःच्याच तोंडानं दुप्पट म्हटलेलं, आता उठणार कुठल्या तोंडानं?

पारडी हलली. हे वर, ते खाली… ते वर, हे खाली… साखळ्या करकरताहेत, सगळ्यांच्या माना वर-खाली, वर-खाली… आणि थांबली. समोरासमोर. एका उंचीवर. भगवंतानं एक डोळा बारीक केला, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बराबर है, माताजी."

हशा! असा हशा की गाभाऱ्यातल्या पुजाऱ्यानं डोकं बाहेर काढलं! आकडा कुणाला कळला का? नाही! किती किलो, कुणाला ठाऊक? आत्याएवढी भाची, भाचीएवढी आत्या, एवढंच कळलं. मोठं हाडही तेवढंच आणि चरबीही तेवढीच! आणि हशा ओसरला तशी अपेक्षा हळूच म्हणाली, आता नाकासमोर नाक होतं ना दोघींचं, "सकाळची गोळी किती पावरची घेता, आत्यासाहेब? माझी पन्नासची आहे."

आत्यासाहेबांनी देवीकडे बघितलं. गुरुजींकडे बघितलं. तुलेत बसलेल्या माणसानं खोटं बोलायचं नसतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. आणि पळायला पाय जमिनीला टेकत नव्हते.

"शंभरची."

"आणि हाटपिपल्याचं नाव घेतलंत?"

बाईंनी पारड्याची साखळी घट्ट धरली. मग आवाज आला तो त्यांचा नव्हताच, लहान होता. "थोरल्याच्या वेळी निघालं हे. सासूला कळतं तर आजारी सून म्हणून देवासला परत पाठवलं असतं मला, मूल ठेवून घेतलं असतं. म्हणून व्रत सांगितलं. मग सांगतच राहिले." खोटं कशाला बोलू, मलासुद्धा जरा भरून आलं. क्षणभरच हं! कारण तेवढ्यात मागून वैभवी पुढे आली, हातातलं हळदीकुंकवाचं तबक तिनं धाडकन खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे एवढी वर्षं आम्ही चहा का नाही प्यायलो? धाकटी तर रडायलाच लागली.

आत्यासाहेबांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिची चूक नाही. वासंतीच्या माहेरचंही काही नाही. हे आमच्याकडचं आहे, माझ्याच रक्ताचं."

आलं! चारचौघांत आलं! वासंतीनं पदर तोंडाला लावला, शिवाजीरावांनी पंखा शोधला, देवळात पंखा नव्हता, मग बायकोकडे बघितलं. आणि अपेक्षानं देवीला नमस्कार केला आणि टुणकन पारड्यातून उठली. न सांगता! समोरचं पारडं काय होणार? धप्प! महेश्वरीसकट, कुंकवासकट, शंभरच्या पावरसकट आत्यासाहेब खाली फरशीवर! लागलं नाही हो काही, हाडं मोठी आहेत. मुद्दाम उठली का असं विचारताय? गणिताची मास्तरीण आहे ती. काय ते समजून घ्या.

वाटलं, जिंकली पोर! मिटलं सगळं! पण तुम्ही आत्यासाहेबांना ओळखत नाही. पंधरा दिवस बाई गप्प होत्या. सोळाव्या दिवशी बोलायला लागल्या, आणि काय बोलतात? म्हणे, हा साधासुधा थायरॉइड नव्हे, हा आमच्या घराण्याचा! माझ्या आजीसाहेबांना असणार, त्या दुपारभर झोपायच्या, लोक म्हणायचे केवढा राजेशाही थाट. पणजीचा गळा भरलेला होता, तो दागिन्यांनी नाही, यानंच! जिथे जातील तिथे हेच. यशराज, म्हणजे अपेक्षाचा धाकटा भाऊ, काडीसारखा, त्याच्याकडे बघून उसासे टाकतात, हा कुणावर गेलाय कोण जाणे! पोरानं घाबरून रक्त तपासून घेतलं. नॉर्मल निघालं. दोन दिवस घरात सुतकी चेहरे!

अपेक्षा म्हणाली माझं नंतर, म्हणून मग यशराजसाठी खातेगांवचं स्थळ बघायला सगळे गेले. मुलगी छान, आरोही नाव, गव्हाची शेती, माणसं चांगली. चहापाणी झालं, आणि आत्यासाहेबांनी विचारलं, तुमच्यात थायरॉइड कुणाला आहे? मुलीचे वडील अभिमानानं म्हणाले, नाही, देवाच्या दयेनं कुणालाच नाही. आत्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, माणसं बरी आहेत, पण घराणं जरा हलकं वाटतंय.

आणि ही बातमी पोहोचली हो खातेगांवला! आठवड्यानं मुलीच्या वडिलांचा फोन, आवाज आनंदानं फुटलेला, की आत्यासाहेब, आम्ही सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या, मुलीच्या आजीला निघाला! आत्यासाहेब म्हणाल्या, मग हरकत नाही.

साखरपुड्यात मी होतेच. पाहुण्यांची ओळख करून देत देत आत्यासाहेब अपेक्षापाशी आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा आवाज लावला, आणि म्हणाल्या, "आणि ही आमची अपेक्षा. मला तिशीत झाला, हिला तेविसाव्या वर्षीच!" खातेगांवच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या हो… पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. आता बदला घ्यायचा तर कुणाचा घेणार? उठली, हात जोडले, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.